चंद्रोदयानंतरचं जेवण

सकाळी साडेसहाला कुंट्यांच्या मोसंबीच्या बागेतल्या विहिरीच्या काठावर चपलांचा जोड दिसला. आठच्या सुमाराला दोन पोहणाऱ्यांनी बुड्या मारून भालचंद्र कुंटे यांचा मृतदेह वर काढला. १९९१ चा फेब्रुवारी होता आणि आदल्या दिवशी संकष्टी होती.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातमीचं पाकीट दुपारच्या एस.टी.च्या वाहकाकडे द्यावं लागे. ती गाडी चुकली की बातमी शिळी. म्हणून मी काठावर उभ्यानेच लिहायला लागलो.

"पाय घसरून, असं लिहा कुलथे," फौजदार दराडे म्हणाले. "वय एकसष्ट, रात्रीची वेळ, काठ ओला."

"रात्री बागेत कशाला आले होते?"

"मोटार बंद करायला. पोरगा म्हणतोय."

पोरगा, म्हणजे मुकुंद, झाडाखाली उभा होता. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. बाप-लेक एका घरात राहून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मुकुंदला बायकोला घेऊन नाशिकला जायचं होतं. अप्पा, म्हणजे भालचंद्र कुंटे, म्हणाले होते, जायचं तर जा, पण मग माझ्या मयतालाही येऊ नका. तेव्हापासून सून रेवती दोघांच्या मधे उभी राही. "अप्पांना सांग, गड्याला सुट्टी दिलीय." "त्याला सांग, मला न विचारता देऊ नये." दोघंही समोरासमोर बसलेले असत आणि रेवती खरोखरच एकाचं दुसऱ्याला सांगत असे.

महिन्यातून एकच दिवस दोघं शेजारी बसत. संकष्टीच्या रात्री. चंद्रोदय झाला की अप्पा स्वतः आरती करत, नैवेद्य दाखवत आणि मग घरातली सगळी एका पंगतीला जेवत. तो नियम अप्पांच्या वडिलांपासूनचा होता. भांडणातही मोडला नव्हता.

मुकुंदने जबाबात तेच सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

"चंद्र उगवला. अप्पांनी आरती केली. आम्ही तिघं जेवलो. वरण-भात, मोदक. मग ते बॅटरी घेऊन बागेत गेले. आम्ही झोपलो."

"रात्री परत आले नाहीत, ते कळलं नाही?"

"त्यांची खोली मागच्या दाराशी आहे. आम्ही बोलत नाही, साहेब. गावाला माहितीये."

दराड्यांनी मान हलवली. हवालदाराने कागदाची घडी घातली. रेवती घराच्या मागच्या दारात उभी होती. नवऱ्याचा जबाब चालू असताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती, विहिरीकडेही नव्हती. तिची नजर हवालदाराच्या हातातल्या कागदावर होती.

शवविच्छेदन सरकारी दवाखान्यात झालं. डॉ. नसीमा इनामदार दोन वर्षांपूर्वी बदलून आल्या होत्या. मोजकं बोलत. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून होतो. त्या हात धुऊन बाहेर आल्या, शिपायाला चहा सांगितला आणि माझ्यासमोर बसल्या.

"आत्ता काही लिहायचं नाही."

"बरं."

"बुडूनच गेले. फुप्फुसात पाणी आहे. नखांत शेवाळ आहे. डोक्याला मागून मार आहे, पण तो दगडावर आपटूनही लागतो आणि कुणी मारूनही लागतो. कशाने ते मी सांगू शकत नाही."

"मग पाय घसरलाच म्हणायचं?"

त्यांनी उलट विचारलं, "काल त्यांच्याकडे जेवायला काय होतं?"

"वरण-भात आणि मोदक. मुलगा म्हणाला."

"भात नाहीये."

"म्हणजे?"

"जठरात भाताचं शीत नाही, डाळ नाही, खोबरं नाही. साबुदाणा आहे. दाणे हाताने वेगळे करता येतील इतका. शेंगदाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी."

"दुपारची खिचडी असेल. उपास होता."

"कुलथे, तुम्ही सगळे पोटाला पिशवी समजता. टाकलं की पडून राहतं, असं. तसं नसतं. जठर घुसळतं. दही घुसळावं तसं. खाल्लेल्याचं पीठ-पाणी करतं आणि खालच्या तोंडातून थोडंथोडं लहान आतड्यात सोडतं. खिचडीत तूप असतं, कूट असतो, म्हणून ती भातापेक्षा हळू जाते. पण दुपारी खाल्लेली रात्रीपर्यंत दाण्यासकट बसून राहत नाही. दुपारची खिचडी खाली पोचलीये, ती मी पाहिलीये. ही दुसरी. ही नंतर खाल्लेली आहे. हिला जठराने जेमतेम हात लावलाय. जठराच्या तोंडाशी असलेलं आतडं जवळपास रिकामं आहे."

"म्हणजे खाल्ल्यावर लगेच गेले?"

"तास, दीड तास. आणि त्यानंतर दुसरं काही खाल्लं नाही. तुमचं ते चंद्रोदयानंतरचं जेवण झालंच नाही."

"उपासाचा माणूस खिचडी खाणार ती चंद्रोदयाच्या आधीच. म्हणजे तो उगवण्यापूर्वीच ते..."

"चंद्राचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मी जठराचं सांगितलं."

शिपाई चहा घेऊन आला. त्यांनी माझ्यासाठीही सांगितला होता. मी तो प्यायलो, पण त्या दिवशी दुपारच्या गाडीने मी पाठवलेली बातमी चारच ओळींची होती.

संध्याकाळी दराड्यांनी मुकुंदला चौकीवर बसवलं. मी गेलो तेव्हा ते वैतागलेले होते.

"डॉक्टरीणबाईंनी लावली ना कामाला! सरळ प्रकरण होतं. आता हा सांगतोय मोदक आणि त्या सांगतायत साबुदाणा. नवरा-बायको दोघंही एकच खोटं बोलली. कशाला बोलली?"

"तो काय म्हणतो?"

"तुम्हीच विचारा. माझ्याशी तर दगडासारखा बसलाय."

मुकुंद बाकावर बसला होता. बोटांची टोकं रसायनांनी पिवळसर झालेली. मी विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतास?"

"स्टुडिओत."

"समोरचा चहावाला म्हणतो, दिवेलागणीला शटर ओढलेलं होतं. हाक मारली, ओ दिली नाहीस."

"डार्करूममध्ये होतो. लग्नाचे रोल होते. कागद बाहेर काढलेला असताना मी कुणाला ओ देत नाही. दार उघडलं की सगळं काळं होतं."

"आणि आतून कडी?"

"आतून कडी."

"म्हणजे तू आत होतास, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"डार्करूम तशीच असते, कुलथे."

तो हसला नाही. पण त्याने ते वाक्य तयार ठेवलं असावं, असं मला वाटलं. तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दराड्यांनी मला बाहेर नेलं. "उद्या दुपारपर्यंत डॉक्टरांनी वेळ लिहून दिली की तीनशे दोन लावतो. चंद्रोदयाच्या आधीची वेळ आली तर याला कुणी वाचवत नाही. स्टुडिओ बंद, जबाब खोटा आणि बापाशी वैर. आणखी काय पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंट्यांच्या गल्लीत गेलो. त्यांच्या भिंतीला लागून ताराबाई रासने राहत. पापड-कुरडयांचा त्यांचा धंदा होता. अंगणात खाट टाकून त्या पापड वाळत घालत होत्या.

"या पेपरवाले. पोराला सोडलं का नाही अजून?"

"नाही."

"त्यानं नाय मारलं. ते पोरगं मुंगी नाय मारणार. फोटो काढताना लेकरू रडलं तर हाच रडायला येतो."

"ताराबाई, परवा रात्री काही ऐकलंत का?"

"काय ऐकणार? घंटा झाली, आम्ही जेवलो."

"कसली घंटा?"

"अहो, संकष्टीची. चंद्र कोण बघत बसतंय थंडीचं? अप्पांची घंटा वाजली की अख्खी गल्ली पानावर बसते. माझ्या सासूपासून असंच आहे. एकदा ढगात चंद्र दिसला नव्हता तरी घंटा वेळेवर. कॅलेंडर बघत नसत, पण चुकत नसत."

"परवा वेळेवर वाजली?"

"वाजली की." त्या पापडावरून हात न काढता बोलत होत्या. मग हात थांबला. "पण आरती सूनबाईंनी म्हटली."

"रेवतीने?"

"मी म्हटलं माझ्या नातीला, अप्पांचा घसा बसला वाटतं. ही म्हणती कशी, आजी, तुझं लक्ष देवात नाय, घशात." त्या हसल्या आणि लगेच माझ्याकडे वळल्या. "मग अप्पा कुठं होते हो?"

मी मागच्या दाराने कुंट्यांकडे गेलो.

घरात नातेवाईक होते. रेवती स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत एकटी बसली होती. सुतक असल्याने चूल बंद होती. शेजारून आलेला डबा तसाच झाकलेला होता. वय असेल पंचवीस-सव्वीस.

"कुलथेभाऊ, त्यांना कधी सोडतील?"

"तुम्ही खरं सांगाल तेव्हा. परवा आरती तुम्ही केलीत."

तिने नाकारलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अप्पा तेव्हा घरात नव्हते," मी म्हणालो.

"नव्हते."

"कधीपासून?"

"पाचला देवळातून आले. मग बागेत गेले. पाणी सुरू होतं. येतील म्हटलं. हे स्टुडिओतून आठच्या पुढे आले. अप्पा नव्हते. मी म्हटलं, बघून या. हे म्हणाले, मुद्दाम बसलेत तिकडे. आपण बोलवायला यावं म्हणून. मी नाही जाणार."

"मग?"

"मग चंद्र आला."

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. 

"घंटा झाली नसती तर गल्लीला कळलं असतं, कुंट्यांकडे काहीतरी बिनसलंय. वर्षभर सगळं झाकत आले मी. त्या दिवशीही झाकलं. घंटा वाजवली, आरती म्हटली, नैवेद्य दाखवला. आणि आम्ही जेवलो. अप्पांचं पान वाढून ठेवलं आणि आम्ही दोघं जेवलो."

"त्यांना सोडून."

"ते नसताना. संकष्टीला. सकाळी चपला दिसल्या तेव्हा हे म्हणाले, सांग, तिघं जेवलो. लोक म्हणतील, बाप विहिरीत आणि पोरगा मोदक खात होता. ते मेले, हे सांगायची लाज नव्हती वाटत. आम्ही जेवलो, याची वाटत होती."

मला ते पटलं. इतकं साधं होतं की खोटं असण्याची गरज नव्हती. म्हणूनच मी पुढचा प्रश्न विचारला.

"खिचडी कुणी दिली?"

"कसली?"

"संध्याकाळी अप्पांनी खिचडी खाल्ली होती. दुपारची नव्हे. नंतरची."

"दुपारीच संपली होती." तिने ताबडतोब सांगितलं. "भांडं घासून पालथं घातलं होतं."

"मग त्यांना कुठून मिळाली?"

"मला नाही माहीत. देवळात कुणी दिली असेल. पाचनंतर घरातलं कुणी विहिरीकडे गेलं नाही." तिने पहिल्यांदा माझ्याकडे थेट पाहिलं. "कुलथेभाऊ, डॉक्टरांना एक विचाराल? मी घंटा वाजवली तेव्हा ते जिवंत होते का?"

मी देवळात जाऊन पुजाऱ्याला विचारलं. त्या दिवशी प्रसाद केळ्यांचा होता. अप्पांनी तेही खाल्लं नव्हतं, तुझ्या नातवाला दे म्हणून पुजाऱ्यालाच परत दिलं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉ. इनामदार अहवाल लिहायला बसल्या होत्या. वेळेची जागा रिकामी होती. मी रेवतीचं सगळं सांगितलं, आणि तिचा प्रश्नही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "विहीर किती खोल आहे?"

"पाणी पंधरा-वीस फूट. वरून पाण्यापर्यंत आणखी तेवढंच. उतरायला बाहेर काढलेले दगड आहेत, पण पाण्याजवळचे निखळलेत."

"म्हणजे पकडायला दगड आहे, चढायला नाही."

"हो."

"नखांत शेवाळ होतं, म्हणाले होते ना मी? दहाही बोटांच्या. दोन नखं मुळातून सोलवटलेली." त्या खिडकीकडे पाहत बोलत होत्या. "काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. जठर घुसळतं ते माणूस निवांत असताना. माणूस घाबरला, गारठला, जिवावर बेतलं, की शरीर सगळं रक्त हातापायांकडे पाठवतं. पोटाला म्हणतं, तू थांब. आणि ते थांबतं. परीक्षेला जाताना खाल्लेलं जसंच्या तसं राहतं, ते त्यामुळेच."

"म्हणजे तो तास-दीड तास..."

"ते पोटाचं घड्याळ. कुंटे पाण्यात पडेपर्यंत चाललं. त्यानंतर ते दगड धरून किती वेळ होते, हे त्या घड्याळात दिसत नाही. दहा मिनिटं असेल. तीन तासही असतील."

"घंटेच्या वेळी?"

"असू शकतील." त्यांनी पेन उचललं. "नसूही शकतील. हे तिला सांगू नका."

"तिने विचारलंय."

"मग सांगा, डॉक्टरांना माहीत नाही. खरंच माहीत नाही."

त्यांनी अहवालात मृत्यूची वेळ 'निश्चित करता येत नाही' अशी लिहिली. दराडे चौकीत जोराने ओरडले. वेळच नाही म्हटल्यावर स्टुडिओचं शटर उघडं की बंद, याला अर्थ उरला नाही. मुकुंदला त्याच रात्री सोडलं. काही महिन्यांनी व्हिसेराचा अहवाल आला, विष नाही. अकस्मात मृत्यू म्हणून फाईल बंद झाली. मी रेवतीला डॉक्टरांचं उत्तर सांगितलं. ती "बरं" म्हणाली. वर्षश्राद्ध झाल्यावर दोघं नाशिकला गेली. बाग विकली.

खिचडीचा प्रश्न मी दराड्यांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, "म्हाताऱ्यानं कुठूनही खाल्ली असेल. खिचडी खाणं गुन्हा आहे का?" गुन्हा नव्हता. ज्या माणसाने देवळातलं केळंही परत दिलं, तो संध्याकाळी खिचडी कुणाच्या हातची खाईल, एवढाच प्रश्न होता. बातमीत त्याला जागा नव्हती.

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरी तळाला गेल्या. कुंट्यांच्या बागेच्या नव्या मालकाने विहिरीतला गाळ काढायला माणसं लावली. मी तोपर्यंत निवृत्त झालो होतो. मालक मला ओळखत होता. त्याने निरोप पाठवला, "काका, एक वस्तू सापडलीये, बघून जा."

कडीचा स्टीलचा डबा होता. चेपलेला, काळा पडलेला. असा डबा पाण्यात पडला की थोडा वेळ तरंगतो, मग झाकणातून पाणी शिरून बसतो. मालकाने राखेने घासल्यावर बाजूला कोरलेली अक्षरं दिसली होती. 'चि. सौ. कां. रेवती हिस, मामा-मामींकडून, १९८८.' लग्नातलं भांडं. झाकण बसवलेलं होतं. कुणीतरी खाऊन झाल्यावर ते नीट लावलं होतं. आत सुकलेला गाळ आणि दोन चमचे.

दोन चमचे मी पुन्हा पाहिले. एकट्याला खायला दोन लागत नाहीत. एक जड, जुन्या घडणीचा. दुसरा हलका.

नाशिकचा नंबर मिळवायला मला आठवडा लागला. दुपारी फोन केला. रेवतीनेच उचलला. आवाज ओळखू आला. मी नाव सांगितलं.

"कुलथेभाऊ? इतक्या वर्षांनी?"

"विहिरीतला गाळ काढला. त्यात एक डबा सापडलाय. तुमच्या मामांनी दिलेला."

पलीकडे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"आत काय आहे?" तिने विचारलं.

"दोन चमचे."

"दोन?"

"दोन."

"मी अप्पांसाठी एकच ठेवला होता," ती म्हणाली. इतक्या हळू की मला फोन कानाशी दाबावा लागला.

मागून पुरुषाचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"चुकीचा नंबर," रेवती म्हणाली आणि फोन ठेवला.